कोळशाची गाळणी आणि तिच्यातील वस्ती

पेयजलाच्या चवीचा व वासाचा विचार करताना सक्रियित कार्बनाची गाळणी ही केवळ अधिशोषक मानण्याचा प्रघात जुना आहे. कोळशाच्या सूक्ष्म रंध्रांत गंधद्रव्ये अडकतात, रंध्रे भरली की कोळसा निकामी होतो व तो बदलावा, एवढाच त्या विवेचनाचा सारांश. नव्या कोळशाच्या आरंभीच्या काळापुरते ते खरे आहे. पुढे मात्र ते अपुरे पडते, आणि या अपुरेपणाची किंमत नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाला मोजावी लागते.

जलाशयाच्या पाण्यास येणारा मातकट वास बहुधा जिओस्मिन व २-मिथिलआयसोबोर्निऑल या द्रव्यांचा असतो. नीलहरित शैवले व अ‍ॅक्टिनोमायसीट वर्गातील जंतू ती निर्माण करतात. (वळवाच्या पहिल्या सरीनंतर ज्या मृद्गंधाचे आपण कौतुक करतो त्यातही जिओस्मिन असते, पेल्यात मात्र ते कोणासही नको असते.) लिटरमागे सुमारे १० नॅनोग्रॅम एवढ्या अल्पांशानेही ते नाकाला जाणवते, आणि क्लोरीनला ते दाद देत नाही.

कोळशाच्या खडबडीत कणांवर जंतूंचे जैवपटल जमले, की पाण्यातील विघटनक्षम सेंद्रिय द्रव्य व त्यासोबत ही गंधद्रव्येही ते फस्त करू लागतात. म्हणून अधिशोषणशक्ती पुष्कळशी सरलेली गाळणीही दीर्घकाळ वास काढू शकते. रूर नदीवरील म्यूलहाइम येथे १९७० नंतरच्या दशकात आरंभीचे जबर क्लोरिनीकरण सोडून ओझोन योजण्यात आला, तेव्हा कोळशाचे आयुष्य लक्षणीय वाढले. ओझोनाने मोठे रेणू तोडून जंतूंना पचण्याजोगे केले. क्लोरीन गेल्याने जंतूंना जगता आले.

असे असता, केवळ आयोडीन अंक घसरला म्हणून कोळसा टाकून देणे हा मला अविचार वाटतो. तो अंक रिकाम्या रंध्रांचा हिशेब देतो. जंतूंच्या कार्याविषयी काहीच सांगत नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे गाळणीपूर्वी क्लोरीन देणे, किंवा क्लोरीनयुक्त पाण्याने ती उलट दिशेने धुणे. एका हाताने वस्ती वसवावी व दुसऱ्याने उठवावी, असा हा प्रकार.

तथापि जंतूंच्या कैवाऱ्यांचा अतिरेकही मान्य करता येत नाही. पाणी गार झाले की त्यांचे कार्य मंदावते. शैवलांचा बहर अकस्मात आला, तर त्या द्रव्यास जंतू सरावेपर्यंत वास निसटतो. तेव्हा ताज्या कोळशाची भुकटी पाण्यात मिसळावीच लागते. गाळणीतून सुटणाऱ्या जंतूंमुळे अखेरचे निर्जंतुकीकरणही टळत नाही. शिवाय वाळूवरील जैवपटलही जिओस्मिनचे विघटन करू शकते. मग श्रेय कोळशाचे किती? एक गाळणी जुन्या कोळशाची व एक वाळूची शेजारी शेजारी वर्षभर चालवून, दोहोंतून बाहेर पडणारे पाणी तपासल्यावाचून कोणत्याही केंद्राने याचा निवाडा करू नये.