रसिकाचें स्मरणऋण

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूची वार्ता येतांच त्याच्या चाहत्यांनीं चार शब्द लिहावे, ही रीत आपल्या समाजांत आतां इतकी रुळली आहे कीं, तिला वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार मानण्यास हरकत नसावी. वृत्तपत्रांतील स्तंभ, शोकसभांतील भाषणें आणि भ्रमणध्वनीवरून घरोघर पोंचणारे संदेश हीं सर्व याच प्रकारांत मोडतात. मग जी कसोटी आपण काव्यास वा कादंबरीस लावतों, ती या लेखनास कां लावूं नये? शोकाचें परीक्षण करणें हें निष्ठुरपणाचें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु मूक शोकास कोणी बोट लावीत नाहीं. प्रश्न आहे तो शब्दरूप झालेल्या शोकाचा.

या परीक्षणास एक विलक्षण प्रसंग आयताच उपलब्ध आहे. १९२२ सालीं गणपतराव जोशी गेले, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०२२ च्या नोव्हेंबरांत, विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयांत अत्यवस्थ होते. २३ तारखेच्या रात्रीं त्यांच्या निधनाची खोटी बातमी पसरली आणि पाहतां पाहतां श्रद्धांजलींचा पूर लोटला. ते जिवंत असल्याचें कुटुंबीयांस जाहीर करावें लागलें. पुढें २६ तारखेस त्यांचें खरोखरच निधन झालें. चूक बातमीची होती. लिहिणारांच्या भावनेंत खोटेपणा नव्हता, हें मान्य. तथापि त्या पुरांतील पुष्कळसा मजकूर दोन्ही वेळां जसाच्या तसा चालण्यासारखा होता, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. एका युगाचा अंत झाला, न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, असा नट पुन्हां होणे नाहीं – हीं वाक्यें नांव बदलून कोणत्याही नटास लावावीं. तीं तितकींच शोभतात. जें वाक्य सर्वांस शोभतें, तें एकाचें स्मरण नव्हे.

याच्या उलट टोंकास दुसरा दोष आढळतो. तेथें लेखक कलावंताचें नांव घेऊन स्वतःचेंच चरित्र सांगूं लागतो: भेट कशी झाली, पाठीवर हात कसा पडला, छायाचित्र कोणीं काढलें. स्मरणांत 'मी' असूंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. साक्षीदाराशिवाय साक्ष कोठून येणार? परंतु साक्षीदारानें पाहिलेलें सांगावें, स्वतःच नायक होऊं नये.

आतां कोणी विचारील कीं, एवढी काटेकोर साक्ष हवी कशाला? त्याचें उत्तर कलेच्या भेदांत आहे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर निवर्तल्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला, शिवाजी पार्कवर शासकीय इतमामानें अंत्यसंस्कार झाले आणि देशभर रसिकांनीं लिहिलें. त्यांतलें सारें लेखन उद्यां नष्ट झालें तरी लताबाईंच्या कलेचें फारसें बिघडणार नाहीं. ध्वनिमुद्रिका आपली साक्ष आपण देतील. परंतु त्याच्या अवघे पंधरा दिवस आधीं, २२ जानेवारीस, पुण्यास कीर्ती शिलेदार निधन पावल्या. त्यांचें गायनही मुद्रित आहे. पण 'सौभद्र' किंवा 'स्वयंवर' यांतील नायिकेचें गद्य संपून पद सुरू होण्याचा जो क्षण, जेथें बोलणें नकळत सुरांत शिरतें आणि समोरचें प्रेक्षागृह सावरून बसतें, तो क्षण तबकडींत कसा सांपडणार? संगीत नाटकाचें मर्म त्या सांध्यांत आहे, आणि तो सांधा ज्यांनीं समोर बसून अनुभवला, त्यांच्याच स्मृतींत तो टिकून आहे.

गद्य नटाची स्थिति तर याहून बिकट. गणपतराव जोशांचा हॅम्लेट आम्हीं कोणींच पाहिला नाहीं. आगरकरांचें 'विकारविलसित' १८८३ पासून छापील मिळतें, पण गणपतरावांचा हॅम्लेट म्हणून आपण जें कांहीं जाणतों, तें प्रेक्षकांनीं लिहून अथवा सांगून ठेविलें म्हणून. ज्या रसिकांनीं केवळ 'वाहवा' लिहिली, त्यांच्यापासून आपणांस कांहीं लाभलें नाहीं. ज्यांनीं अमुक प्रवेशांत नट कोठें थांबला, कोणता शब्द कसा उच्चारला, हें टिपलें, तेच आपले उपकारकर्ते होत.

विक्रम गोखल्यांच्या विरामांची कीर्ति मोठी. मृत्यूनंतरही अनेकांनीं त्या विरामांचा गौरव केला. परंतु जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' नाटकांत, जें विजया मेहतांनीं १९७७ सालीं रंगभूमीवर आणलें, वंशांत आलेल्या वेडाच्या भीतीनें ग्रासलेला तो नायक नेमका कोणत्या वाक्यापुढें थांबे? त्या वेळीं दृष्टि कोठें असे? दोन प्रयोगांत तोच विराम सारखाच असे, कीं प्रेक्षकांचा श्वास पाहून बदले? आणि एखाद्या वेळीं तो लांबला, केवळ लकब होऊन बसला, असेंही कोणास वाटलें काय? हा शेवटचा प्रश्न विचारणें अनेकांस अनादर वाटेल. मला मात्र वाटतें कीं, गुणदोष वगळून केलेली स्तुति ही मृताची पूजा करते, पण त्याची मूर्ति पुसून टाकते.

यांत घाईचें कारण आहे. १९७७ मध्यें विशींत असतांना ज्यांनीं 'बॅरिस्टर' पाहिला, ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत. घशाच्या विकारामुळें गोखल्यांनीं २०१६ सालींच रंगभूमीचा निरोप घेतला, म्हणजे नवी साक्ष मिळण्याचा मार्ग त्यांच्या हयातींतच बंद झाला होता. नटाचा देह एकदां जातो. त्याची भूमिका मात्र तिच्या एकेका प्रेक्षकाबरोबर थोडीथोडी जात असते.

म्हणून ज्या घरांत जुन्या नाटकांच्या गोष्टी अद्यापि निघतात, तेथें एक साधी गोष्ट करावी. वडील मंडळींना विशेषणें विचारूं नयेत. कोणतें नाट्यगृह, कोणता प्रवेश, काय दिसलें आणि काय खटकलें, तें विचारावें व वहींत उतरून ठेवावें. यासाठीं कोणाच्या मृत्यूची वाट पाहण्याचें कारण नाहीं.