फजिती, अपघात आणि साक्ष : एकाकी सागरप्रवासाच्या कथनाविषयी

१

प्रवासवर्णनाचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा 'स्थळाचे दर्शन' आणि 'प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व' या दोन टोकांमध्येच वावरत आली आहे. प्रवासात जे चुकते, मोडते, फसते, त्याला या मांडणीत स्वतंत्र स्थान मिळत नाही. ते एक तर विनोदाच्या खाती जमा होते, नाही तर साहसाच्या. मात्र सांगणाऱ्याखेरीज दुसरे कोणी हजरच नव्हते अशा प्रवासाच्या संदर्भात ही वाटणी पुरेशी ठरत नाही. शिडाच्या होडीतून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा हा अशा प्रवासाचा सर्वांत टोकाचा नमुना होय.

मराठीत 'अपघात' आणि 'फजिती' असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद येथे उपयोगी पडतो. अपघात एकट्यालाही होतो. फजिती मात्र चारचौघांतच होते. तिला पाहणारे डोळे लागतात. मग भर समुद्रात, जेथे पाहणारे कोणीच नाही, तेथे जे घडते ते फजिती केव्हा ठरते? त्याचे कथन होते तेव्हा, असे उत्तर देता येईल. वाचक हाच त्या एकट्याचा चारचौघांचा समाज असतो. या समाजापुढे उभे राहण्याची तयारी आहे की नाही, यावर कथनाचे स्वरूप आणि कधी कधी प्रवाशाचे आयुष्यही अवलंबून राहते.

२

जोशुआ स्लोकम २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला पोहोचला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला खलाशी. 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे त्याचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या 'स्प्रे' या होडीची लांबी सुमारे ३७ फूट होती आणि कालमापक म्हणून त्याच्यापाशी होते ते एक डॉलरला घेतलेले, तबकडी फुटलेले पत्र्याचे घड्याळ. पुस्तकात संकटांना तोटा नाही. उरुग्वेच्या किनाऱ्यावर होडी वाळूत रुतते. नांगर टाकायला नेलेली छोटी नाव उलटते आणि त्या क्षणी या मुरब्बी कप्तानाला आठवते की आपल्याला पोहता येत नाही! सेंट हेलेनावर भेट म्हणून चढवलेली बकरी वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकते.

हे प्रसंग विनोदी का ठरतात? बुडू लागलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात विनोद काहीच नाही. विनोद निर्माण होतो तो 'अनुभवणारा मी' आणि 'सांगणारा मी' यांच्यामधल्या काळाच्या अंतरातून. स्लोकमचा निवेदक आपल्याच जुन्या रूपाकडे चारचौघांतला एक होऊन पाहतो आणि अपघाताची फजिती करतो. अझोर बेटे सोडल्यावर आलुबुखार आणि पांढरे चीज खाऊन तो आजारी पडतो. ग्लानीत त्याला सुकाणूपाशी एक उंच माणूस दिसतो, आणि तो स्वतःची ओळख कोलंबसाच्या ताफ्यातल्या 'पिंटा'चा वाटाड्या अशी करून देतो. हे खरे की खोटे हे ठरवण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नाही. परंतु निवेदक चीजही लपवत नाही आणि वाटाड्याही लपवत नाही. कारण आणि आभास शेजारी शेजारी ठेवून तो निर्णय वाचकावर सोपवतो. साक्षीदार नसताना साक्ष विश्वसनीय कशी होते, याचे हे उदाहरण आहे: स्वतःला कमीपणा आणणारा तपशील निवेदक आपण होऊन पुढे ठेवतो.

३

याच्या नेमके उलट टोक १९६८-६९ च्या 'संडे टाइम्स' गोल्डन ग्लोब शर्यतीत दिसते. नऊ जण निघाले आणि एकच परतला, तो म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत, सागवानात बांधलेली होती. होडीच्या सांध्यांतून पाणी येई, रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा राखणारी यंत्रणा मोडली. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो पोहोचला.

डोनाल्ड क्रोहर्स्टची गळतीही खरीच होती. ३१ ऑक्टोबर १९६८ या मुदतीच्या अखेरच्या दिवशी तो घाईघाईने निघाला. 'टिनमथ इलेक्ट्रॉन' या त्याच्या तीन सांगाड्यांच्या होडीत पाणी भरू लागले आणि ते हाताने उपसण्याची पाळी आली. नोव्हेंबरच्या मध्यावर होडीतले दोष त्याने आपल्या वहीत प्रामाणिकपणे मांडले आहेत. तेथवर तो स्लोकमच्याच जातीचा निवेदक आहे. परंतु ही साक्ष फक्त वहीपुरती राहिली. परत फिरावे तर शर्यत सोडल्याचा आर्थिक भार कराराने त्याच्याच अंगावर पडणार होता, आणि गाजावाजा करून निघालेल्या माणसाची चारचौघांत शोभा होणार होती. डिसेंबरपासून त्याने खोटी स्थाने कळवायला सुरुवात केली. एका दिवसात २४३ सागरी मैल कापल्याचा दावाही केला. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि मार्च १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागला.

स्लोकमचे दोन 'मी' वर्षांच्या अंतरावर उभे आहेत. क्रोहर्स्टचे दोन 'मी' एकाच संध्याकाळी, एकाच खोपटात, शेजारी शेजारी बसून लिहीत आहेत. त्यांच्यामध्ये हसण्यापुरतीही जागा उरलेली नाही. या खोट्या कथनाने खरा अपघातही घडवला. क्रोहर्स्ट आपल्याला गाठणार या समजुतीने नायजेल टेटलीने आपली खिळखिळी होडी ताणली आणि २१ मे १९६९ रोजी ती फुटून बुडाली. आता सर्वांत कमी वेळाचे बक्षीस क्रोहर्स्टकडे येणार, म्हणजेच त्याच्या नोंदी तपासल्या जाणार, हे उघड झाले. जूनच्या अखेरीस त्याने काळ आणि ईश्वर यांविषयी सुमारे २५,००० शब्दांचे विस्कळीत लेखन केले. १ जुलैची नोंद अखेरची. १० जुलै रोजी रिकामी होडी सापडली. त्याला समुद्राने मारले असे म्हणणे कठीण आहे. सांगता न आलेली फजिती त्याला पेलली नाही.

बर्नार म्वातेसिएने तिसरा मार्ग स्वीकारला. केप ऑफ गुड होपजवळ एका मालवाहू जहाजाकडे आपली पाकिटे सोपवताना त्याच्या होडीला धडक बसली आणि पुढचा दांडा वाकला. म्हणजे त्याचा मोठा अपघात झाला तो लोकांशी संपर्क साधण्याच्या प्रयत्नात! पुढे त्याने चारचौघांचा न्यायच नाकारला. शर्यत सोडून तो ताहितीला गेला. मात्र १९७१ साली त्यानेही पुस्तक लिहिलेच. वाचकाचा समाज त्यालाही टाळता आला नाही.

४

आज साक्षीदार आकाशात आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी हे 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'तुरिया'तून निघाले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. उपग्रहामुळे होडीचे स्थान किनाऱ्यावर ठाऊक होते, आणि म्हणूनच २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले. क्रोहर्स्टचे खोटे आता शक्य नाही. परंतु उपग्रह स्थान सांगतो; हलता न येणाऱ्या माणसाचे ते तीन दिवस कसे गेले हे सांगत नाही. ती साक्ष आजही एकट्याच्या शब्दावरच उभी आहे.

गोव्यातील नदीचे नाव धारण करणाऱ्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये भारतीयाची पहिली एकाकी प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांचे 'द फर्स्ट इंडियन' हे पुस्तक इंग्रजीत आले. अशी पुस्तके वाचताना 'किती धैर्य!' एवढ्यावर थांबणे म्हणजे समीक्षेने आपले काम साहसकथेच्या जाहिरातीकडे सोपवणे होय. निवेदकाने स्वतःचा कोणता कमीपणा सांगितला, कोणता गाळला आणि कोणाच्या भीतीने गाळला, हे प्रश्न विचारले पाहिजेत. क्रोहर्स्टच्या बाबतीत हे प्रश्न कथनमीमांसेपुरते राहिले नव्हते. त्यांवर एका माणसाचे जगणे अवलंबून होते.