समुद्रावरची हद्द आणि ‘सद्भावना’

आज आपण एका शब्दाची तपासणी करणार आहोत. शब्द आहे ‘सद्भावना’. विषय सागरी स्थलांतराचा आणि सीमांच्या पहाऱ्याचा. पुण्यात बसून समुद्राविषयी कशाला बोलायचं, असं कुणाला वाटेल. घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही, हे खरंच. पण ज्या माणसांविषयी बोलायचं आहे, ती आपल्याच राज्यातली आहेत. त्यांची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो.

बातमी साधारण अशी असते : मच्छीमार भरकटले, सागरी हद्द ओलांडली, पाकिस्तानने पकडले. मग काही वर्षांनी दुसरी बातमी येते : सद्भावना म्हणून सुटका. आमचा आक्षेप या दोन्ही बातम्यांच्या भाषेला आहे.

आधी पहिली घेऊ. ‘ओलांडली’ या क्रियापदाचा कर्ता कोण? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी भागातले अनेक आदिवासी तरुण मासेमारीच्या हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळ या गुजरातच्या बंदरांवर जातात. गावात पावसाच्या भरवशावरची भातशेती. उरलेल्या महिन्यांत हाताला काम नाही. मग उचल घ्यायची आणि हंगाम संपेपर्यंत बोटीवर खलाशी म्हणून राबायचं. ही पद्धत आपल्याला नवी नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून अशीच उचल घेतात. फरक एवढाच, की ऊसतोड कामगाराला आपण स्थलांतरित मजूर म्हणतो. तो कर्नाटकात गेला तर ‘भरकटला’ असं कुणी म्हणत नाही.

बोट कुठे न्यायची, हे खलाशी ठरवत नाही. मालक आणि तांडेल ठरवतात. जीपीएस तांडेलासमोर असतं. खलाशी जाळं ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो. किनाऱ्याजवळची मासळी कमी झालेली, फेरीच्या डिझेलचा खर्च तरी निघायला हवा, म्हणून बोटी कच्छच्या बाजूला, सर क्रीककडे सरकतात. निर्णय एक-दोघांचा, तुरुंग मात्र सगळ्यांना. हे अपघाताने भरकटणं नाही, हा धंद्याचा हिशेब आहे. आणि त्यातली जोखीम सगळ्यात कमी कमावणाऱ्याच्या वाट्याला येते.

आता ती हद्द तरी कुठे आहे? सर क्रीक ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी. तिच्यावरून कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात वाद होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग, त्यामुळे १९१४ मध्ये ठराव केला तो मुंबई सरकारने. म्हणजे ज्या सरकारचा मुक्काम पावसाळ्यात आपल्या पुण्यात असायचा, त्याच सरकारने. आज भारत म्हणतो, सीमा खाडीच्या मधोमध. पाकिस्तान म्हणतो, पूर्वेच्या काठावर. खाडीतच सीमा ठरलेली नाही, मग पुढे समुद्रात ती कशी ठरणार? दोन्ही देशांनी मान्य केलेली सागरी सीमा तिथे आजही नाही. सरकारांना जी रेघ इतक्या वर्षांत कागदावर काढता आली नाही, ती खलाशाने पाण्यावर ओळखावी, अशी आपली अपेक्षा आहे.

इथे सुरक्षेचा मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. पण पूर्ण गोष्ट लक्षात ठेवू या. त्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट बळकावली आणि तिच्यावरच्या माणसांना मारलं. त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते. बधवार पार्कजवळ उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकलं, तेही तिथल्या कोळी लोकांनीच. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली, तपासण्या वाढल्या. पहारा हवाच, पण त्या ओळखपत्राचा उपयोग दोन्ही बाजूंनी व्हायला हवा ना? हा माणूस आमचाच, हे सांगायलाही ते लवकर कामी यावं.

आता दुसरी बातमी. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला. त्यातलं ७३ वं कलम सांगतं, की अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे बारा सागरी मैलांच्या पुढच्या पट्ट्यातल्या, मासेमारीच्या गुन्ह्यासाठी कैदेची शिक्षा देता येत नाही. दोन देशांनी तसा वेगळा करार केला असेल तरच देता येते. शिवाय मे २००८ मध्ये दोन्ही देशांत करार झाला : शिक्षा पूर्ण झाली आणि नागरिकत्व निश्चित झालं, की एका महिन्यात सुटका. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, हेही ठरलं. याद्या वेळेवर दिल्या जातात, माणसं मात्र वेळेवर सुटत नाहीत. १ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात १९३ मच्छीमार होते, आणि भारताच्या ताब्यात ८१. शिक्षा पूर्ण केलेल्या १५९ मच्छीमार व नागरी कैद्यांना लवकर सोडा, असं भारताने त्याच वेळी सांगितलं होतं.

यातून ‘सद्भावना’ कुठून आली? एप्रिल २०१९ मध्ये, पुलवामा आणि बालाकोटनंतर काही आठवड्यांतच, पाकिस्तानने ३६० भारतीय कैदी सद्भावना म्हणून सोडण्याची घोषणा केली. त्यात बहुतेक मच्छीमार होते. सुटका झाली याचा आनंदच आहे. पण ज्याची शिक्षा संपली त्याला सोडणं हे देणं आहे, दान नव्हे. देण्याला दान म्हटलं, की ते केव्हा द्यायचं हे देणारा ठरवतो. संबंध सुधारले की माणसं सुटतात, बिघडले की अडकतात. खलाशी तेव्हा कैदी राहत नाही, ओलीस होतो. आणि आपल्याकडच्या कैदेतल्या मच्छीमारांनाही हेच लागू आहे. फक्त समोरच्याच्या कैद्यांची मोजणी करणारी करुणा आम्हाला पुरेशी वाटत नाही.

निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती २००७ मध्ये नेमली गेली होती. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. ऑक्टोबर २०१३ च्या बैठकीनंतर तिचं काम थांबलं. ते पुन्हा सुरू करायला सर क्रीकचा वाद आधी सुटायची गरज नाही.

राहिला आपला, महाराष्ट्राचा वाटा. बोटीची नोंदणी गुजरातची, तुरुंग कराचीचा, घर तलासरीचं. बातमीत तो ‘गुजरातचा मच्छीमार’ होतो आणि आपल्या हिशेबातून गळतो. मागे राहिलेली बायको मजुरी करते, म्हाताऱ्यांना सांभाळते आणि कागदपत्रं घेऊन कचेऱ्यांत फिरते. नागरिकत्वाची खात्री पटवणारे कागद शेवटी तिच्याच गावातून जायचे असतात. तिथे एक महिना लागला, तर कराचीत त्याचा एक महिना वाढतो. हंगामाला जाणाऱ्या प्रत्येक खलाशाची नोंद गावातच झाली, तर हा वेळ वाचेल. त्यासाठी इस्लामाबादची परवानगी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सद्भावना म्हणून सुटका’ असं वाचलं, तर एकच प्रश्न विचारू या : यांची शिक्षा संपली कधी होती? त्या तारखेपासून सुटकेच्या दिवसापर्यंतचा काळ या माणसांचा होता, तो कुणी घेतला?

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.