ठगाची जबानी
मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ सालची कादंबरी आम्ही नुकतीच पुन्हा वाचली. ठगांच्या काळी आमच्या देवणीचा मुलूखही निजामाचाच, आणि टेलर त्याच राज्यात चाकरीस होते. पोलिसी कामावर असता वाटसरूंच्या खुनांचा माग त्यांस लागू पाहत होता. इतक्यात पलटणीत परतण्याचा हुकूम आला व तपास अर्धाच राहिला. ही खंत त्यांच्या १८७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात आहे. कादंबरीत मात्र अमीर अली ७१९ बळींचा हिशेब देतो, देशी राजे-जमीनदार लुटीत वाटा घेतात, आणि साहेब निवांत ऐकतो! पलटण आधी, वाटसरू मागाहून, हा वरिष्ठांचा क्रम कथेत उमटत नाही. कथनकौशल्याविषयी आमची तक्रार नाही. पण स्वतः सोसलेली गोष्ट टेलर यांनी कथेबाहेर ठेवावी, हे आम्हांस पटले नाही.