चार नगरांत अमडापूर कुठे?

अमडापूरच्या बी.एस्सी.वाल्यांनो, फिजिक्समध्ये पीएचडी डोक्यात असेल तर जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१४) वाचाच. केंब्रिजचा भाग सावकाश वाचा. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी मांडली: अंधुक स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त, म्हणजे स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत अडचणीत. त्या सिद्धांताचे एक जनक फ्रेड हॉईल. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांच्या वतीने उत्तर द्यायला उभं कोण राहिलं? त्यांचा बावीस वर्षांचा पीएचडीचा विद्यार्थी, नारळीकर. संशोधन असंच असतं, उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं. गाईडची बाजूही पडू शकते. पडलीच, १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण सापडलं आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं.

माझी तक्रार वेगळी आहे. नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, स्वतः केंब्रिजचे रँग्लर. गाईड कसा शोधायचा, हे त्या घरात कुणाला विचारत फिरावं लागलं नसणार. आपल्याकडे एम.एस्सी. संपत आली तरी ‘जेस्ट’ ही संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा कित्येकांना माहीत नसते. नेट-जेआरएफ मिळाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, हेही घरी सांगावं लागतं. ही वाट पुस्तकात नाही. लेखकाचा त्यात दोष नाही. पण ‘प्रेरणादायी’ म्हणून हे पुस्तक बक्षीस देणाऱ्यांनी आत जेस्टच्या अर्जाची तारीख तरी लिहून द्यावी.