भोंगऱ्याचं लाइव्ह ‘का’ बघतात? आधी ‘कोण’ ते विचारा

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनो, आज ‘युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स’ सिद्धांताबद्दल. ब्लमलर आणि कॅट्झ यांनी १९७४ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे तो रुळला. म्हणणं साधं: प्रेक्षक आपल्या गरजेनुसार माध्यम निवडतो. म्हणून ‘आदिवासी सणांचं लाइव्ह लोक का बघतात?’ या विषयाला प्रश्नावली जवळपास तयारच मिळते. करमणूक, जिज्ञासा, वेळ घालवणं, संस्कृतीची ओळख. खूण करा, झालं.

ती शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात लावून बघा. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या आठवडे बाजारांत भोंगऱ्या भरतो. ढोल, नवे कपडे, होळीची खरेदी. कुणीतरी मोबाईल उंच धरून लाइव्ह करतो. जळगावात बसून बघणाऱ्याला ती संस्कृतीची ओळख. पण सुरतेत कामाला गेलेला, सुट्टी न मिळालेला पावरा पोरगा त्यात आपल्या गावचा ढोल शोधत असेल, तर त्याने खूण कुठे करायची? यूट्यूबची आकडेवारी वय, लिंग, ठिकाण सांगते, समाज नाही. दोघेही एकाच ‘व्ह्यूज’मध्ये जमा.

तिसरा येतो ‘इथे पोरं-पोरी पळून लग्न करतात’ हे ऐकून. या समजुतीला आदिवासी संघटना सतत हरकत घेतात. बाजार आहे हो तो! तरी प्रश्नावलीत हाही ‘जिज्ञासू’च. सिद्धांत मला इथे तोकडा वाटतो. बघणाऱ्याची गरज मोजली जाते, ती कुणाची बदनामी करून भागते ते नाही.

त्यामुळे आधी लाइव्हखालचं चॅट वाचा. पावरीत कोण लिहितंय, मराठीत कोण, गावाची नावं कोण विचारतंय? मग मुलाखती. प्रश्नावली त्यानंतर.