मानधन आणि स्वामित्वधन

'हे गाणे कोणाचे?' या प्रश्नाला मराठी माणूस बहुधा गायकाचे नाव सांगून उत्तर देतो. भाषेतील षष्ठी अशी उदार असली, तरी कायद्यातील षष्ठी तशी नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या दृष्टीने शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच वस्तू होय; तिघांचे स्वामी भिन्न असू शकतात. गायकाला मात्र १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत या अधिनियमात स्थानच नव्हते. त्याच दुरुस्तीपूर्वी चालही लिखित वा मुद्रित स्वरलेखनात असेल तरच 'कृती' ठरे. मुखपरंपरेने चालणाऱ्या संगीताला लावलेली ही परिभाषा किती परकी होती, हे निराळे सांगावयास नको.

गीतकाराच्या प्राप्तीला आपण 'मानधन' म्हणतो. शब्द सभ्य आहे, परंतु अर्थदृष्ट्या घातक. मान राखण्यासाठी दिलेले धन एकदा दिले की व्यवहार संपतो. स्वामित्वधन कृतीच्या प्रत्येक वापरागणिक नव्याने देय होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्णय दिला, तो पहिल्याच कल्पनेला धरून होता. मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा चाल करून घेणारा निर्माताच, विरुद्ध करार नसल्यास, पहिला स्वामी ठरला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निर्णयाला जोडलेल्या टिपणात गायकाच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

२०१२ च्या दुरुस्तीने ही स्थिती पालटली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार व संगीतकार यांना आता सोडून देता येत नाही; तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. आकाशवाणी, उपाहारगृहे, जाहीर कार्यक्रम यांना परवाने देऊन शुल्क गोळा करण्याचे काम ही संस्था करते आणि वापराच्या नोंदींवरून वाटप करते. नोंदीत गीतकाराचे नाव नसेल, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. षष्ठीचा सैल वापर येथे पैशात मोजला जातो.

तथापि खरी उणीव अधिनियमाच्या भाषेतच आहे. ज्या 'रॉयल्टी'चे एवढे संरक्षण केले, तिची व्याख्या त्यात कोठेही नाही. 'समान' म्हणजे एकूण उत्पन्नाचा अर्धा भाग की खर्च वजा जाता उरलेल्याचा, हेही कलम सांगत नाही. परिणामी हा अर्थनिर्णय करारलेखक व वाटपाचे नियम करणारे यांच्या हाती राहिला आहे.